समासातला हिरवा प्रश्न

विमलताई तायडे अकोल्याच्या भर भाजीबाजारात, वांगी निवडता निवडता, शेजारच्या अनोळखी बाईला विचारतात, "माय, तुही पाळी गेली का चालू हाय?" आणि ती बाई उत्तर देते. मला या घटनेचा दुसरा भाग नेहमीच अधिक विस्मयकारक वाटत आला आहे.

मी संख्याशास्त्राचा निवृत्त प्राध्यापक. 'पाळी' हा शब्द मी घरातही कधी मोठ्याने उच्चारला नव्हता. स्त्रियांची पाळी कोणत्या वयात जाते आणि पुढे शरीरात काय बदल होतात, याचा अभ्यास करणाऱ्या एका प्रकल्पात भरून आलेले अर्ज तपासण्याचे काम मी स्वीकारले, ते केवळ आकड्यांच्या ओढीने. अर्ज भरून आणण्याचे काम विमलताईंचे. त्या निवृत्त परिचारिका. "लाजू नका, लिवू द्या," हे त्यांचे ब्रीद.

अर्ज बहुधा एखाद्या थंड हवेच्या शहरात तयार झाला असावा. नववा प्रश्न होता : 'आपणांस अचानक खूप उकडते काय?' मे महिन्यात बार्शीटाकळीला जाणाऱ्या एसटीत विमलताईंनी तो पदराने वारा घेणाऱ्या एका बाईला विचारला.

"तुमाले काय थंडी वाजून राहिली व माय?" ती म्हणाली.

"मलेही लिवा त्यात," कंडक्टर म्हणाला.

तेव्हापासून उन्हाळाभर नवव्या प्रश्नापुढे शेरा येऊ लागला : 'ऊन लय हाय. दिवाळीनंतर इचारीन.' आणि दिवाळीनंतर त्या खरोखरच पुन्हा घरोघर गेल्या. शास्त्रीय दृष्टीने मला यात दोष काढता आला नाही. मी प्रयत्न केला होता.

अडचण चौदाव्या प्रश्नाची होती : 'गर्भाशय काढले आहे काय?' जिथे उत्तर 'होय' असे, तिथे विमलताई समासात हिरव्या शाईने स्वतःचा एक प्रश्न लिहीत : 'काढाच्या आधी तुमाले इचारलं होतं का?' खाली त्या बाईचे उत्तर. बहुतेक उत्तरे दोन अक्षरांची : 'नाई'.

प्रकल्पप्रमुख मॅडम शिस्तीच्या. समासातले लिखाण थांबले नाही, तर विमलताईंचे सगळे अर्ज बाद होतील आणि कामही जाईल, असा निरोप त्यांनी माझ्याकरवी पाठवला. मला नकार देता येत नाही, हे त्यांना ठाऊक असावे.

मी चहा मागवला आणि निरोप शक्य तितका सौम्य करून सांगितला.

"काहून?" विमलताई म्हणाल्या.

"त्या प्रश्नाला अर्जात चौकट नाही."

"मंग काढा ना सर चौकट. तुमच्यापाशी पट्टी नाई का?"

अडचणीत सापडलो की मी कागद चाळतो. हाती अर्ज क्रमांक एक आला. प्रत्येक कार्यकर्तीने पहिला अर्ज स्वतःचा भरायचा, असा प्रकल्पाचा रिवाज. विमलताईंचा अर्ज तेराव्या प्रश्नापर्यंत भरलेला होता. पुढे कोरा.

"हा अपुरा राहिलाय," मी म्हणालो. केवळ विषय बदलावा म्हणून.

त्यांनी कप खाली ठेवला. "चौदाव्याले होय लिवा. वय सव्वीस."

मी लिहिले. मग त्यांचाच हिरवा पेन उचलला. पुढचे वाक्य उच्चारायला मला बराच वेळ लागला.

"विमलताई, तुम्हाला विचारलं होतं का?"

भाजीबाजाराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पोचणारा तो आवाज इतका लहान होऊ शकतो, हे मला ठाऊक नव्हते.

"नाई. सही सासऱ्याची होती. मले टाके काढताना समजलं." त्यांनी कप पुन्हा उचलला. "तवापासून आज पयल्यांदा कोनी इचारून राहिलं."

मॅडमना काय सांगायचे, ते मला सुचलेले नव्हते. मी खणातून पट्टी काढली आणि समासात एक चौकट आखली. ती वाकडी आली. पेन तिच्यावरच अडून राहिला.

विमलताईंनी अर्ज माझ्याकडे थोडा सरकवला.

"लाजू नका सर," त्या म्हणाल्या. "लिवा."