इमामचाचांचं इस्लंड

इमामचाचांच्या सोप्यात कॉलेजची पुस्तकं फुकट वाचायला मिळत. अट एकच, मोठ्यानं वाचायचं. मनातल्या मनात वाचणाऱ्याला भाडं पडे. ते भाडं किती, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही, कारण भाड्याचं नाव काढलं की आमच्यातला सगळ्यात लाजराबुजरा मुलगाही घसा साफ करून सुरू होई.

मी चंदगडकडचा. महाराजांच्या राज्यात त्या काळी बोर्डिंगा निघत होत्या, आणि आमच्यासारखी डोंगरातली पोरं घोंगडी खांद्यावर टाकून कोल्हापुरात शिकायला येत होती. मला राहायला जागा मिळाली, जेवणाचं जमलं, पहिल्या टर्मपुरती नादारीही मिळाली, म्हणजे फी माफ झाली. पुस्तकांचा विचार मात्र मी केलाच नव्हता. विलायतेत छापलेली ती जाडजूड पुस्तकं दुकानदार आमच्या हातातसुद्धा देत नसे. माझ्या अंगावरचा सदरा बघून तो आधीच पुस्तक मागे ओढून घेई. मग कुणीतरी सांगितलं, गंगावेशीकडच्या बोळात एक पिंजारी आहे, त्याच्याकडे जा.

पिंजारी म्हणजे कापूस पिंजून गाद्या-उशा भरणारा. त्याच्याकडे इंग्लंडचा इतिहास कशाला असेल? मी दबकतच गेलो. सोप्यात कापसाचा ढीग, त्यात मांडी घालून बसलेला एक दाढीवाला म्हातारा, आणि हातात त्याची ती आतड्याची तात ताणलेली लांब कमान. तातेवर लाकडी मोगरीचा टोला बसला की अख्खा बोळ दणाणे. मला बघून त्यांनी हात थांबवला.

"या पावणं. मोठ्यानं वाचनार का मनात?"

मी म्हटलं, "मनात."

"मग भाडं द्यायचं."

"मग मोठ्यानं."

"बसा की मग. हुबं का?"

आत फळीवर पुस्तकं ओळीनं लावलेली होती. पास झालेली मुलं आपली पुस्तकं तिथंच ठेवून जात, हा तिथला रिवाज. त्यामुळे फळी वर्षागणिक भरत चालली होती. चाचांना इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं, पण कुठलं पुस्तक कुठल्या इयत्तेचं हे ते पुठ्ठ्याच्या रंगावरून सांगत. एकदा एका विद्यार्थ्यानं पुस्तकाला नवं आवरण घातलं, तर त्याला महिनाभर फळीजवळ जायची बंदी झाली.

त्या सोप्यातला अभ्यास म्हणजे एक प्रकरणच होतं. एका कोपऱ्यात सातारकडचा जाधव भूमितीचे सिद्धांत ओरडून सांगतोय, दुसऱ्यात नेजचा पाटील बीजगणितावर गळा काढतोय, आणि मधे मी इंग्लंडच्या राजांची नावं घेतोय. बोळातून जाणारी बाई क्षणभर थांबून, आत भांडण नाही ना, याची खात्री करून पुढे जाई. आमच्यापैकी कुणाचा आवाज उतरला की कमानीवर टोला पडे. "दम न्हाय आवाजात. भाकरी खाल्ली न्हाईस काय?" असं विचारून चाचा उत्तराची वाट न बघता आत बघत, आणि पडद्याखालून भाकरी नि चटणीची थाळी बाहेर सरके. थाळी सरकवणारा हात तेवढा दिसे. त्या चाची. त्या कधी बोलल्या नाहीत.

आम्ही वाचत असताना चाचा काम करत नसत. कापूस पडून राही. गिऱ्हाईक गादीसाठी खोळंबलं तर ते त्यालाच दटावत. "पोरगं वाचतंय, दिसत न्हाय व्हय?" भूमितीलाही ते मान डोलावत. जाधवनं एकदा त्रिकोणाचा सिद्धांत संपवला तेव्हा "वा! क्या बात है!" अशी दाद आली, आणि जाधव इतका खूश झाला की त्यानं तोच सिद्धांत पुन्हा म्हणून दाखवला.

चाचांकडची मुलं कॉलेजात ओळखू येत. आमच्या केसांत कापूस असे. इंग्रजी नि इतिहास शिकवणारे साहेब आम्हाला बघून शिंकत.

चाचा कुणाच्या वाचनात ढवळाढवळ करत नसत. अपवाद फक्त एका शब्दाचा. इंग्लंडच्या इतिहासाचं पहिलंच वाक्य होतं, इंग्लंड हे एक बेट आहे. मी पहिल्या दिवशी ऐटीत वाचलं, "आयलंड." कमानीवर असा टोला बसला की माझ्या हातातलं पुस्तक पडलं.

"इस्लंड म्हना."

"चाचा, आयलंड असतंय ते."

"इंग्लंड हाय का न्हाय? मग इस्लंडच की. म्हना."

मी म्हटलं. पुस्तक त्यांचं होतं. आणि त्या पुस्तकात तो शब्द काही एकदाच येत नाही. त्या लोकांना आपण बेटावर राहतो याचं फारच कौतुक आहे. दर खेपेला चाचांचा हात मोगरीकडे जाई, दर खेपेला मी 'इस्लंड' म्हणे, आणि हात परत मांडीवर येई. टर्म संपत आली तेव्हा माझ्या जिभेला दुसरं काही म्हणताच येईना.

व्हायचं तेच झालं. वर्गात साहेबांनी मला उभं करून वाचायला लावलं, आणि मी खणखणीत आवाजात, सोप्यात वाचावं तसं, इंग्लंड 'इस्लंड' असल्याचं जाहीर केलं. वर्ग हसून लोटपोट झाला. मागच्या बाकावर खाली मान घालून बसलेले जाधव नि पाटील तेवढे हसले नाहीत. साहेबांनी चष्मा काढला, माझ्या खांद्यावरचा कापूस बघितला आणि शांतपणे सांगितलं, की पुढच्या टर्मची नादारी ठरवताना ते मला हाच पाठ वाचायला लावतील. नादारी गेली तर मला घोंगडी उचलून परत डोंगरात जायचं होतं. भात लावायला माझी काही ना नव्हती, पण शिकायला आलो होतो मी.

त्या दिवशी मी तावातच सोप्यात गेलो. जाधव, पाटील आधीच बसले होते.

"चाचा, तुमचा शब्द चुकीचा हाय," मी म्हणालो. "अख्खा वर्ग हसला मला. माझी नादारी जाईल त्यापायी. आयलंड हाय त्यो. आयलंड!"

मला वाटलं टोला पडणार. चाचांनी मोगरी खाली ठेवली.

"ठावं हाय मला," ते म्हणाले.

"काय?"

"आयलंड हाय त्ये. पैल्या वर्सालाच एक पोरगं सांगून गेलंतं. लई गुणी पोरगं."

आम्ही एकमेकांकडे बघितलं. चाचा दाढीतला कापूस वेचत राहिले. मग म्हणाले, "आमचा मन्सूर कालिजात जानार हुता. नाव घालायच्या आधीच पुस्तक आनलंतं त्येनं, जुनं, कुनाचं तरी. म्हनायचा, अब्बा, आधी घोकून जातो, मंजी मागं पडनार न्हाय. ह्याच सोप्यात मोठ्यानं वाचायचा. मी पिंजत बसायचो, तर म्हनायचा, कमान थांबवा की, मलाच ऐकू यीना. इंग्लंड हाय तर इस्लंड, असं त्येनंच बसवलंतं. शिकवायला कोन हुतं घरात?"

आतला पडदा हलला.

"मग पिलेग आला. आमाला माळावर खोपटात नेलं. थितंबी पुस्तक घिऊन गेलता. पडल्या पडल्या वाचायचा. कालिजात गेला असता तर साहेबानं सांगितलं असतं त्येला, आसं न्हाय, आसं म्हनायचं. पोरं हसली असती. माझ्या पोराची चूक काढायला कोन भेटलंच न्हाय."

जाधव जमिनीकडे बघत होता. मला माझ्या आवाजाची लाज वाटली.

"तवा कालिजात आयलंड म्हना," चाचा म्हणाले. "साहेबाम्होरं आयलंड म्हना, नादारी घ्या, मोठं व्हा. ह्या सोप्यात मातूर इस्लंड म्हना. येवढंच भाडं हाय माजं."

नादारीच्या दिवशी मी साहेबांसमोर उभा राहिलो. बोर्डिंगमागच्या विहिरीवर बसून मी तो शब्द जिभेवर फिरवून फिरवून सरळ केला होता. वाक्य आलं, मी 'आयलंड' म्हटलं. साहेबांनी मान हलवली आणि माझ्या नावापुढे खूण केली. मला आनंद झाला, पण कुणाशी तरी बेइमानी केल्यासारखंही वाटलं. खरं तर तशी परवानगी घेऊनच मी गेलो होतो.

तसाच चाचांकडे गेलो. नादारी मिळाली म्हणून सांगितलं. "शाबास," एवढंच ते म्हणाले आणि पिंजायला लागले. मी फळीवरून इतिहास काढला, माझ्या कोपऱ्यात बसलो आणि पहिलं पान उघडलं. नुकत्याच येऊन बसलेल्या जाधवनं भूमिती उघडलीच नाही. पाटीलनंही बीजगणित बाजूला ठेवलं. चाचांनी कमान थांबवली.

मी वाचलं. जेवढं मोठ्यानं वाचता येईल तेवढं मोठ्यानं वाचलं, की इंग्लंड हे एक इस्लंड आहे. या खेपेला चाचांचा हात मोगरीकडे गेलाच नाही. ते भिंतीकडे तोंड करून बसले होते आणि त्यांची पाठ हलत होती.

मी दुसऱ्या वाक्याकडे वळणार, तेवढ्यात पडद्याआडून एक बारीक आवाज आला. चाचींचा आवाज मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला.

"आनी एकडाव वाच की, बाबा."

मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.