जकरियाचाचांचे तीन दिवस

वर्षातले तीनशे बासष्ट दिवस जकरियाचाचा बोलतात आणि उरलेले तीन दिवस नुसत्या खुणा करतात. केजमध्ये त्यांचं सुतारकामाचं दुकान, त्यामागची त्यांची राहती खोली आणि माझं घर यांच्यात एकच भिंत आहे, तीही एका विटेची. त्यामुळे बोलण्याचे दिवस किती लांब असतात हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक नाही. मी शाळामास्तर. दिवसभर पोरांना 'गप्प बसा' म्हणून घरी यावं, तर भिंतीपलीकडे चाचा करवतीच्या वर आवाज काढून गिऱ्हाइकाला सागवान आणि बाभळीतला फरक समजावत असायचे. गिऱ्हाईक बिचारं प्लास्टिकची खुर्ची कुठं मिळते हे विचारायला आलेलं असायचं.

"सर, हाडं ढिली झाली, पर आवाज ढिला न्हाई," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. दुसरं कुणी चार शब्द जास्त बोललं, की कानामागची पेन्सिल काढून त्याच्यापुढं नाचवायचे. "रंधा मारा जरा. लई जाड बोलायलेत तुमी."

ती ढिली हाडं त्यांची स्वतःची नव्हेत, नबींची, म्हणजे प्रेषितांची. चाचांचं नाव हजरत जकरियांवरून ठेवलेलं. हे नबी कुराणात आहेत आणि ख्रिस्ती लोकांच्या बायबलातही आहेत. त्यांची गोष्ट चाचांनी मला इतक्या वेळा सांगितली, की मी बौद्ध घरातला माणूस असूनही ती झोपेत म्हणून दाखवीन.

"म्हातारे झालते, सर. हाडं ढिली, डोकं पांढरं. बायकोला लेकरू न्हाई. तर हळूच मागितलं अल्लाकडं. हळूच बरं का, वरडून न्हाई!" हे चाचा एसटी स्टँडपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात सांगायचे. "अल्ला म्हणला, लेकरू व्हईल, नाव याह्या. नबी म्हणले, मला कायतरी निशाणी दे. तर निशाणी काय? धडधाकट असून तीन दिस कुणाशी बोलता येणार न्हाई. नुसत्या खुणा!" मग आवाज जरासा उतरायचा. "आन याह्या कसा? आई-बापाशी नरम. पोरगं हुशार नसलं तरी चालंल, सर. नरम पाहिजे."

चाचा आणि नूरबीचाचींना मूल नव्हतं. सगळं घोडं तिथंच अडलेलं होतं. नबींना आधी लेकराचा शब्द मिळाला आणि मग मुकेपण आलं. चाचांनी क्रम उलटा केला. "मी आधीच गप बसतो. अल्लाच्या ध्यानात राहील," म्हणाले, आणि लग्नानंतर काही वर्षांनी जे सुरू केलं ते चुकवलं नाही. रज्जब महिन्याचा चांद दिसला की तीन दिवस तोंडाला कुलूप. मौलानांनी दुकानात येऊन अर्धा तास समजावलं, की नबींचं ते नबींपाशी, आपल्यात असला रिवाज नाही. चाचांनी मान हलवत सगळं ऐकून घेतलं आणि हातातल्या फळीवर पेन्सिलीनं लिहिलं, 'चहा घेणार?'

त्या दिवसांतला त्यांचा सगळा पत्रव्यवहार फळ्यांवर चालायचा. आमच्या स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या मागच्या बाजूला अजून लिहिलेलं आहे, 'बिजागरी संपली. उद्या या.' एरवी वर्षभर काम ते कुठलंही करायचे, फक्त पाळण्याला हात लावायचे नाहीत. पहिला पाळणा स्वतःच्या घरी टांगायचा, मग गावाला, असं ठरलेलं. केजमधली दोन पिढ्यांची पोरं दुसऱ्या सुतारांच्या पाळण्यांत झोपून मोठी झाली.

एकदा रूथ सिस्टर खुर्चीचा पाय बसवून घ्यायला आल्या. दवाखान्यातून रिटायर झालेल्या या ख्रिस्ती बाई, स्वभावानं सरळ. गोष्ट ऐकून म्हणाल्या, "आमच्यात वेगळं आहे, चाचा. देवदूताच्या बोलण्यावर त्यांचा विश्वास बसला नाही, म्हणून त्यांची वाचा गेली."

"मंजी सजा?"

"हो, तसंच."

"तौबा, तौबा! नबींना सजा कावून व्हईल? मागून घेतलेली निशाणी हाय ती, सिस्टर! सजा न्हाई!" आणि त्या रागात त्यांनी खुर्चीचा पाय उलटा ठोकला. सिस्टर अजून त्या खुर्चीवर तिरक्या बसतात.

आता नूरबीचाचींविषयी. चाचींना आवाज आहे हे आम्हाला वर्षभर कळायचंच नाही. कळणार कसं? पण त्या तीन दिवसांत भिंतीतून त्यांचं बोलणं यायचं, बारीक आणि न थांबणारं. दूध उतू गेलं, परळीच्या बहिणीनं निरोप धाडला नाही, लग्नातल्या लुगड्याला कसर लागली. वर्षभर साठवलेलं सगळं बाहेर यायचं. मध्येच त्या हसायच्या. चाचांचा रंधाही तेव्हा बंद असायचा. माझी बायको टीव्हीचा आवाज कमी करायची.

चाचींची साठी जवळ आली तेव्हा मी न राहवून म्हणालो, "चाचा, आता तरी सोडा की हे."

"नबींची बायको तरणी व्हती का, सर?" म्हणाले.

गेल्या दिवाळीनंतर एका दुपारी चाचींच्या छातीत कळ आली. जीप करून अंबाजोगाईला निघालो. मी पुढं ड्रायव्हरशेजारी, मागं चाचा आणि त्यांच्या खांद्यावर डोकं टेकून चाची.

"अजी, सुनो तो..." चाची म्हणाल्या.

"तू चूप रह, दम लगता. मैं बोलतूं ना," चाचा म्हणाले, आणि बोलायला लागले. घाबरलेला माणूस किती बोलू शकतो हे मी त्या दिवशी ऐकलं. डॉक्टर कसे चांगले आहेत, रस्ता कसा खराब आहे, परत आल्यावर तिला सागवानी दिवाण कसा करून देणार. चाचींनी आणखी दोनदा सुरुवात केली. दोन्ही वेळा चाचांनी त्यांना थांबवलं. अंबाजोगाई दिसायला लागली तेव्हा मी मागं वळून पाहिलं आणि मला कळलं. चाचांना कळलं नव्हतं. ते दिवाणाच्या पायांबद्दल सांगत होते. रोज साठ पोरांना गप्प करणारा मी, मला त्या एका माणसाला गप्प करता आलं नाही.

त्यानंतर चाचा पहिल्यापेक्षाही जास्त बोलू लागले. वाटलं, रज्जबचं खूळ आता सुटेल. लेकराची आस धरायला घरात कुणी उरलंच नव्हतं. पण चांद दिसला आणि भिंतीपलीकडे सगळं थांबलं. या वेळी बारीक आवाजही नव्हता. दोन दिवस मी ती शांतता कशीबशी काढली. तिसऱ्या दिवशी सकाळी उठून गेलो.

चाचा मागच्या खोलीत चाचींच्या रिकाम्या खाटेसमोर जमिनीवर बसले होते. मान एका बाजूला, कान खाटेकडं.

"चाचा, आता कशासाठी हे?"

त्यांनी फळी ओढली आणि लिहिलं, 'सिस्टर खरं म्हणत व्हत्या. सजाच हाय.' थोडं थांबून खाली आणखी एक ओळ लिहिली, 'तिला काय सांगायचं व्हतं?'

मी त्यांच्या हातातून पेन्सिल घेतली, 'सजाच' हा शब्द खोडला आणि वर लिहिलं, 'निशाणीच'. जन्मभर पोरांच्या वह्या तपासल्या, पण चूक इतकी भीत भीत कधी दुरुस्त केली नाही.

चाचांनी ते वाचलं. मान हलवली नाही, खोडलंही नाही. बराच वेळ फळीवर बोट फिरवत राहिले. मग जरा सरकले, शेजारची चटई थोपटली आणि माझ्या तोंडाकडं बोट करून हात पुढं केला. बोला, अशी खूण.

शेवटी म्हणालो, "आज आमच्या घरी दूध उतू गेलं, चाचा."

खरं तर गेलं नव्हतं. पण चाचांनी डोळे मिटले, मान तशीच तिरकी ठेवली, आणि पुढचं सांगा म्हणून हात हलवला.