चंद्रय्या अण्णा आणि तळाचा श्वास

आमच्या शेजारचे चंद्रय्या अण्णा कधी नुसतं पाणी पीत नाहीत. आधी दोन पेले मागतात. मग हात उंच नेऊन या पेल्यातलं पाणी त्या पेल्यात चार-पाच वेळा ओततात, आणि त्यानंतरच तोंडाला लावतात. निम्मं पाणी माझ्या सतरंजीवर सांडतं. वर मलाच समजावतात, "तळाला हवा पोचायला पाहिजे की, मॅडम!"

मुलांनो, सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे दारोदारी पिंपं भरून ठेवलेली असतात. अण्णा सकाळी काठी घेऊन फिरायला निघतात आणि वाटेतलं प्रत्येक पिंप ढवळत जातात. गाळ वर येतो. समोरची सुरेखा करमाळ्याकडची, तिची जीभ तिखट. "अण्णा, पाणी ढवळताय का आमचं डोस्कं?" अण्णा ऐकून न ऐकल्यासारखं करतात आणि पुढच्या पिंपाकडे वळतात.

घरात पिढ्यान्‌पिढ्या चादरी विणणारे हे लोक, बोलणं तेलुगू. त्यातले अण्णा शिकले आणि समुद्राचे शास्त्रज्ञ झाले. उमेदीची सारी वर्षं एका सरकारी जहाजावर गेली. खोल पाण्यात बाटल्या सोडायच्या, तळाचं पाणी वर आणायचं, त्यात प्राणवायू किती उरलाय ते मोजायचं. मी एकदा सहज म्हटलं, "समुद्राला काय कमी, अण्णा? एवढ्या लाटा, एवढा वारा!"

"तो वर, मॅडम. खाली कुणी बघितलंय?"

मग त्यांनी जे सांगितलं, ते मी हातातली भाजी तशीच ठेवून ऐकत राहिले. पावसाळ्यात आपल्या किनाऱ्याशी खोल समुद्रातलं पाणी सरकत येतं. त्यात प्राणवायू मुळातच कमी. वर नद्यांचं गोडं, हलकं पाणी पसरतं आणि झाकण बसावं तसं बसतं, मग वरची हवा खाली उतरत नाही. नद्यांबरोबर खतं आणि घाण येते, त्यावर शेवाळ माजतं, मरतं, तळाशी जाऊन कुजतं. ते कुजणंच उरलेला प्राणवायू खाऊन टाकतं. समुद्र तापत चाललाय, तसं झाकण आणखी घट्ट होतंय. वरून पाहावं तर निळंशार, पोरं लाटांत खेळताहेत. खाली माशा-खेकड्यांची गावंच्या गावं गुदमरताहेत. पळता येतं ते मासे किनाऱ्याकडे धावतात, खेकडे तर पाणी सोडून वाळूवर चढतात. "आणि लोक काय म्हणतात ठाऊक आहे? यंदा मासळी लई आली!"

एवढा मोठा समुद्र, आणि त्यालाही धाप लागते. त्या दिवशी मला भाजीचं सुचेना.

परवा दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सुरेखा हाका मारत आली. कॉलनीच्या विहिरीतले मासे सगळेच्या सगळे वर आले होते, तोंडं उघडून. आमच्याकडे नवरात्राचं निर्माल्य विहिरीत सोडतात. नऊ दिवसांच्या झेंडूच्या माळा, वर आपट्याची पानं, सगळं तिच्यातच. काठावर गर्दी जमली. कुणी हात जोडले, कुणी चुरमुरे टाकू लागलं.

"बगा की, काकू, लई भुकेलीत बिचारी!" सुरेखाने अख्खी पिशवी उपडी केली.

तेवढ्यात अण्णा आले, अनवाणी. इतक्या वर्षांत मी त्यांचा आवाज चढलेला ऐकला नव्हता.

"थांबा! भूक नाही ती! श्वास कोंडलाय त्यांचा. तुम्ही टाकताय तेही कुजणार!"

सुरेखानेच आधी पदर खोचला. "आता बगत काय बसलाव? टोपली आना!" टोपल्यांना दोऱ्या बांधून कुजक्या माळा उपसल्या. मोटार सुरू करून पाइपाने विहिरीचंच पाणी उंचावरून फवाऱ्यासारखं परत तिच्यात सोडलं. बायका बादल्या ओढून तशाच वरून ओतत होत्या. अण्णा कठड्याला छाती टेकून पाण्याकडे पाहत होते. काही मासे उलटे झाले, त्यांना वाचवता आलं नाही. दुपार कलता कलता बाकीचे एकेक करून खाली गेले आणि दिसेनासे झाले.

लोक पांगले. अण्णा तिथेच होते. मी चहा घेऊन गेले. त्यांनी तो तसाच प्यायला, न ओतता.

"हे मासे सत्यम्माने सोडले होते," ते म्हणाले. सत्यम्मा त्यांची बायको, तिला जाऊन बरीच वर्षं झाली. "मी जहाजावर असायचो. ही एकटी. रोज संध्याकाळी इथे यायची, तेलुगूत हाक मारायची, की सगळे वर. त्यांच्याशी बोलायची."

"मग तुम्हीही हाक मारा की कधी. येतील."

अण्णांनी मान हलवली. "वाटतं पुष्कळदा. पण आता कसली हाक? ते वर दिसले की मला त्यांची धापच दिसते. खालीच असू देत. दिसत नाहीत, म्हणजे श्वास घेताहेत."

मी कठड्यावर त्यांच्या शेजारी बसले. पाण्यावर एक तरंगसुद्धा नव्हता. अंधारेपर्यंत आम्ही दोघं त्या रिकाम्या पाण्याकडे बघत राहिलो.