इंगळे गार्ड आणि पाच फूट जागा

इंगळे गार्ड स्वतःच्या अंगणातल्या रिकाम्या जागेत मान वाकवून शिरत. तिथे दार नव्हतं, चौकट नव्हती, छप्पर तर नव्हतंच. तरी एका ठरावीक जागी आले की ते चपला काढत, आपला ताडमाड देह कमरेत मोडत आणि दोन पावलं टाकून पुन्हा सरळ होत. तेही मे महिन्यात, अकोल्याच्या उन्हात, तापलेल्या मातीवर अनवाणी.

मूर्तिजापूरच्या छोट्या रेल्वेगाडीवर ते गार्ड होते. निवृत्त होऊन अकोल्यातल्या आपल्या जुन्या मातीच्या घरात राहायला आले, आणि त्याच पावसाळ्यात घराचा स्वयंपाकघराकडचा, बुटक्या दाराचा भाग बसला. ही बासष्ट-त्रेसष्टची गोष्ट. मी तेव्हा नगरपालिकेच्या बांधकाम खात्यात कारकून होतो. पक्कं घर बांधायचं तर शेजारच्या हद्दीपासून पाच फूट जागा मोकळी सोडायची, असा नियम. जुनं स्वयंपाकघर नेमकं त्या पाच फुटांत होतं, म्हणून गार्डांना त्यातून सूट हवी होती.

आठवड्यातून दोनदा ते येत आणि माझ्या टेबलावर दोन्ही हात टेकून विचारत, "काय साहेब, आमच्या कागदाले लाइन क्लिअर भेटली काय?" मला साहेब म्हणणारे जगात ते एकटेच. त्यामुळे त्यांच्या फाइलीवर मी धूळ बसू देत नसे.

सूट का हवी, त्याचं कारण अर्जात लिहावं लागे. लोक लिहीत, कुटुंब मोठं, जागा अपुरी. गार्डांनी लिहिलं होतं, 'मंडळी उघड्यावर पडतील.' आणि घरात राहणारी माणसं: एक.

"मंडळी म्हणजे कोण?" मी विचारलं.

"आमची घरवाली."

"पण माणूस तर एकच लिहिलंय."

"व्हय. तिले जाऊन तीन वर्सं झाली." त्यांनी खिशातलं घड्याळ काढून पाहिलं, गाडीला उशीर होत असल्यासारखं.

ओव्हरसियरसाहेबांबरोबर मी मोजणीला गेलो. भर दुपार होती. टेपचं टोक धरून हद्दीपाशी उभा राहिलो, तर गार्ड हळूच म्हणाले, "जरा इकडं सरका साहेब. तिथं चूल हाय."

पायाखाली नुसती माती. हसू दाबत मी सरकलो. आणि भाकरीचा वास आला. तव्यावर नुकत्याच उलटलेल्या ज्वारीच्या भाकरीचा, अगदी जवळून.

"शेजारी स्वयंपाक चालला असेल," ओव्हरसियर म्हणाले.

कुंपणापलीकडे शेजारच्या सुभद्राबाई सुपात धान्य निवडत बसल्या होत्या. "आमची चूल सकाळीच इझली, भाऊ," त्या म्हणाल्या.

तेवढ्यात बांगड्या वाजल्या. आमच्या बाजूला. सुभद्राबाईंचे हात सुपात थांबलेले मी पाहत होतो. ओव्हरसियरांनी आकडा टिपला आणि टेप भराभर गुंडाळला. घामानं भिजलेल्या माझ्या अंगावर शहारा आला. गार्ड मात्र यजमानासारखे प्रसन्न दिसत होते.

शेजाऱ्याची हरकत नसल्याचा कागद लागत होता. सुभद्राबाईंनी तो लगेच दिला. अंगठा उमटवताना म्हणाल्या, "बांधू द्या त्याइले. ते बाई भर उनात बसून राह्यते."

नगरपालिकेच्या समितीनं सूट दिली. अट एकच, हद्दीवरच्या भिंतीला खिडकी ठेवायची नाही. दिवाळीच्या आत घर उभं राहिलं. मी पाहायला गेलो. स्वयंपाकघर ऐसपैस, कोपऱ्यात नवी चूल, आणि वास फक्त ताज्या चुन्याचा.

महिन्याभरानं गार्ड नवा अर्ज घेऊन आले. हद्दीवरची भिंत पाडण्याची परवानगी मिळावी.

"अहो, एवढ्या खटपटीनं बांधलीत ना?"

"येत नाई ती," ते म्हणाले. "भित झाली तवापासून वास नाई, बांगडी नाई. मी रोज दोन ताटं घेऊन बसतो."

"तुमची भिंत तुम्ही पाडा. त्याला परवानगी कशाला?"

"पाडली अन् तरी नाई आली तं?"

ते बाकावर बसले.

"तुमाले इचारलं, सुभद्राबाईले इचारलं, कमिटीले इचारलं," ते म्हणाले. "तिलेच इचाराचं राहून गेलं, साहेब."

परवानगी लागत नव्हती, तरी मी अर्ज ठेवून घेतला आणि गठ्ठ्याच्या तळाशी सारला. "उद्या या," म्हटलं. "काम होईपर्यंत रोज या."