बैठकीतला कापूस कुठे गेला?

जिच्यात कुणी मरत नाही अशी एक कथा लिहायची, एवढंच मी ठरवलं होतं.

आमच्या जिल्ह्याचं नाव काढलं की समोरचा माणूस आधी चेहरा पाडतो. पुण्याला एका शिबिरात मी "यवतमाळची" म्हटलं, तर शेजारच्या मुलीनं डोळे भरून माझा हात हातात घेतला. (मी तिच्याकडे फक्त साखर मागितली होती.) त्यात ते बोंडअळीचं वर्ष. कॅमेरेवाले पार आमच्या गावापर्यंत, मुकुटबनपर्यंत यायचे, माझ्या आजोबांना, म्हणजे नानाजींना, खाटेवर बसवायचे आणि जरा दुःखी दिसा म्हणायचे. नानाजींना फोटोची भारी हौस. कॅमेरा दिसला की ते नवी कवळी पूर्ण दिसेल असे हसायचे. कॅमेरेवाले निराश होऊन पुढच्या गावी जायचे.

म्हणून यवतमाळच्या एका साप्ताहिकानं कोझी मिस्टरीची स्पर्धा जाहीर केली तेव्हा मला वाटलं, ही माझ्यासाठीच आहे. कोझी मिस्टरी म्हणजे उबदार रहस्यकथा. गुन्हा होतो, पण सतरंजी खराब होत नाही. पहिल्या येणाऱ्याला साप्ताहिकात नोकरी. मी बाबांसमोर उभी राहिले आणि म्हणाले की मला यवतमाळला जायचं आहे.

बाबांआधी आत्या बोलली. विमलआत्या आमच्याकडे चार दिवसांसाठी आली की पीक निघेपर्यंत राहते, आणि माझं लग्न हा तिचा मुख्य धंदा आहे. एम.ए. झालेली मुलगी घरात ठेवणं तिला उतू चाललेलं दुधाचं पातेलं गॅसवर ठेवण्यासारखं वाटतं. दोघांचं बराच वेळ चाललं. शेवटी बाबांनी निकाल दिला.

"कथा लागली त जा यवतमाळले. नाही लागली त मी सांगीन त्या पोराले हो म्हनाचं. मंग कटकट नाही पायजे."

मी हो म्हटलं. (तेवीस वर्षांच्या माणसाला आपण हरू शकतो हे माहीतच नसतं.)

मग मी नियम शिकले. आमच्याकडे रेंज फक्त गच्चीच्या कोपऱ्यात, पाण्याच्या टाकीला टेकून उभं राहिलं तर येते. तिथे उभी राहून मी मोबाइलवर सगळं वाचून काढलं. गाव लहान हवं. डिटेक्टिव्ह हौशी हवा, शक्यतो बाई, जिला कुणी बोलावलेलं नसतं. प्रत्येकानं काहीतरी लपवलेलं असावं. गुन्हेगार असा असावा की वाचकानं त्याच्याबरोबर चहा प्यायलेला असतो. आणि शेवटी सगळ्या संशयितांना एका खोलीत बसवून डिटेक्टिव्ह एकेकाचं पितळ उघडं पाडते.

अडचण एकच होती. मुकुटबनमध्ये रहस्य टिकत नाही. इथे कुणाला शिंक आली तर पलीकडच्या गल्लीत काढा उकळतो. मी घरच्यांना सल्ला विचारायची चूक केली. नानाजी म्हणाले, मुडदा नाही तर पोलिस काय भजी खायला येतील? आत्याची अट होती की शेवटच्या पानावर डिटेक्टिव्हचं लग्न झालंच पाहिजे. बाबांना कथेच्या मध्ये कुठेतरी कापसाचा भाव वाढवून हवा होता. आईनं काहीच सांगितलं नाही, फक्त कथा लिहिताना कपाळाला आठ्या घालू नको, कायमच्या पडतात, एवढं म्हणाली. थोरल्या माणसांना कलेतलं काही कळत नाही, हे मी त्या दिवशी ठरवून टाकलं.

आणि मग गुन्हा आपल्या पायांनी घरात चालत आला.

आता आमची बैठक सांगायला हवी. बोंडअळीनं खाऊन जो कापूस उरला होता तो आम्ही विकला नव्हता. भाव चढेल म्हणून तो बैठकीत भरला होता. खिडकीच्या वरपर्यंत. सोफा त्याच्या खाली कुठेतरी होता. टीव्ही त्याच्या वर होता. दारापासून स्वयंपाकघरापर्यंत एक पायवाट ठेवलेली, आणि पाहुणा आलाच तर तो कापसावर बसायचा, हळूहळू खाली जायचा, मग त्याला ओढून काढून चहा द्यायचा. घरात भरलेल्या कापसाची अंगाला खाज सुटते. डिसेंबरपासून आम्ही सगळे खाजवत बोलायचो. पण कापूस हलवायचं नाव नाही. मागच्या वर्षी बाबांचा ताप डोक्यात चढला होता तेव्हाही ते डॉक्टरांना भाव विचारत होते.

गुरुवारी मी पांढरकवड्याला लायब्ररीत गेले. संध्याकाळी परत आले, दारात चप्पल काढली आणि थांबले. बैठकीत कापूस नव्हता.

फरशी दिसत होती. तिचा रंग हिरवा आहे हे मी विसरले होते. सोफा होता. सोफ्यावर आत्या होती.

मी विचारलं, कापूस कुठे गेला? आई म्हणाली, विकला. त्याच वेळी मागच्या दारातून बाबा म्हणाले, उन्हात टाकला. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. आत्यानं विचारलं, "कोनता कापूस?" नानाजींनी डोळे मिटले आणि घोरायला लागले. नानाजी रोज घोरतात, पण त्यासाठी आधी आडवे होतात.

तीन जबाब, तीनही खोटे, आणि चौथा साक्षीदार बेशुद्ध.

पुढचे दोन दिवस मी डोळे उघडे ठेवले. आणि काय काय दिसलं म्हणता! आईनं खिडक्यांना नवे पडदे लावले. शेजारून चार खुर्च्या आल्या. काजूची बिस्किटं आली आणि डब्यात बंद झाली. (आमच्याकडे आजारी माणसालाही ग्लुकोज बिस्किट मिळतं.) आत्या मला रोज बेसन-हळद लावायला बसवायची आणि मी गप्प बसून तो लेप चेहऱ्यावर वाळू द्यायचे, कारण तोंडाला लेप असला की समोरची माणसं बेसावध बोलतात. ही सगळी दिशाभूल आहे, असं मी मनात ठरवलं. नियमात तसं स्पष्ट दिलं आहे: जे फार ठळक दिसतं, त्याकडे जाणकार दुर्लक्ष करतात.

(तुम्हाला एव्हाना कळलं असेल. तुम्ही हुशार आहात. मी एम.ए. आहे.)

खरा धागा मला शुक्रवारी सापडला. किसनराव आले होते. किसनराव आमचे शेजारी, बाबांचे जुने दोस्त, गावातल्या सगळ्या सोयरिकी आणि सगळे सौदे त्यांच्या हातून होतात. त्यांनी आपला कापूस दिवाळीतच विकून टाकला होता आणि तेव्हापासून आमच्याकडे येऊन आपली खाज नसलेली कातडी दाखवायचे. तेच किसनराव आज कोपरापासून मनगटापर्यंत खाजवत होते.

मी चहा ठेवला आणि परत आत आले. सगळं लख्ख झालं होतं. आमचा कापूस किसनरावांच्या बैलांच्या कोठ्यात होता. त्यांनी बाबांना काहीतरी थाप मारून तो तिथे नेला होता, आता पडेल भावात कुणाच्या तरी गळ्यात घालणार होते, आणि फसलो हे कळल्यावर बाबा लाजेनं गप्प होते. बाबा तसेच आहेत. एकदा त्यांनी लंगडा बैल घेतला आणि महिनाभर सांगत होते की तो विचार करत चालतो.

शनिवारी आईनं माझी हिरवी साडी इस्त्रीला काढली. उद्या दहाला घरीच राहा म्हणाली. कोण येतंय विचारलं तर तिनं डाळ निवडायला घेतली आणि डाळीलाच सांगितलं, की वणीचे लोक आहेत, किसनरावांच्या ओळखीचे, कापसाच्या कामानं येऊन राह्यले.

व्यापारी! संशयित स्वतःहून एका खोलीत जमणार होते. कोणत्याही डिटेक्टिव्हला एवढी तयार बैठक मिळाली नसेल. मी साडीला नाही म्हटलं नाही. शेवटच्या प्रकरणात डिटेक्टिव्हनं नीटनेटकं दिसायला हवं.

रविवारी ते आले. एक गृहस्थ, त्यांची बायको आणि तिशीच्या आतला एक मुलगा, रजत नावाचा. सौद्याला बायकोमुलाला घेऊन येतात म्हणजे माणसं किती पोचलेली, असं मला वाटलं. आत्यानं माझ्या हातात पोह्यांचा ट्रे दिला. मी तो टीपॉयवर ठेवला, एक खुर्ची ओढली आणि सगळ्यांच्या समोर बसले. आत्यानं डोळ्यांनी मला काहीतरी खुणावलं. मी तिलाही डोळ्यांनी थांब म्हटलं.

बाईंनी मला काय आवडतं ते विचारलं. मी म्हणाले, आधी मी विचारते. आणि रजतकडे वळले. गुरुवारी दुपारी तुम्ही कुठे होता?

"डेअरीत," तो म्हणाला. "दूध संकलनात आहे मी. दुपारी फॅटची मशीन बंद पडलती."

हे कुणी सांगू शकेल का, मी विचारलं. त्यानं जरा विचार करून मॅनेजरचं नाव सांगितलं, नंबर देऊ का म्हणाला. माणूस निर्ढावलेला वाटला. त्याची आई मात्र खुशीत नवऱ्याच्या कानाशी लागून म्हणाली, "आजकालच्या पोरी चौकशी करतेत, बरंच हाये." मी तिच्याकडे दुर्लक्ष केलं. मी याआधी तुम्ही कुठे कुठे असे गेला होता, किती ठिकाणी जमलं नाही आणि का, हेही विचारलं. रजत लाल झाला. तीन ठिकाणी, म्हणाला, आणि पोह्यांतले शेंगदाणे बाजूला काढू लागला.

मग मी उभी राहिले. त्या क्षणाची मी दोन दिवस गच्चीवर तालीम केली होती.

मी सांगितलं की या घरात एक गुन्हा झाला आहे. बाबा अर्धे उठले. मी त्यांना बसायला सांगितलं, आणि ते बसले, हे मी आजही विसरलेले नाही. मी एकेक करून सगळं मांडलं. आईचा जबाब, बाबांचा जबाब, आत्याची विस्मृती, नानाजींचं बसल्या बसल्या घोरणं. मग मी किसनरावांची बाही वर केली.

"दिवाळीत कापूस विकलेल्या माणसाच्या हाताला जानेवारीत खाज कायची?" मी विचारलं. (रागात मी एम.ए. विसरते.) "आमचा कापूस यांच्या कोठ्यात आहे. आणि तुम्ही तिघं तो पडेल भावात न्यायला आलेले आहात. बाबा, तुम्हाला फसवून राह्यले हे लोक."

कुणी हललं नाही. फक्त पंखा हलत होता, तोही बंद असलेला, वाऱ्यानं. वणीचे गृहस्थ पोह्यांचा चमचा तोंडाशी धरून बसले होते. आईनं पदर तोंडाला लावला. किसनरावांनी बाही खाली केली आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे फार आदरानं पाहू लागले.

तेव्हा नानाजींनी डोळे उघडले.

"अवो माय," ते म्हणाले, "कापूस किसनच्याच कोठ्यात हाये. मीच म्हटलं, तिथी नेऊन टाका. पाहुने बसतीन कुठी? हे लोक तुले पाहाले आले."

रजतला ठसका लागला. शेंगदाणा होता. बाजूला काढलेल्यांतला एक चुकून राहिला असावा. त्याच्या पाठीवर थापा मारायला किसनराव, बाबा आणि आत्या एकदमच धावले, कारण तेवढं एकच काम त्या खोलीत करण्यासारखं उरलं होतं.

पाहुणे गेल्यावर घरात जे झालं ते सांगत नाही. मीही कमी ओरडले नाही. कथेचा निकाल लागायच्या आधीच पाहुणे आणले, हा करार मोडणं नव्हे काय? बाबांनी मान खाली घातली. आत्यानं सगळा दोष आईच्या डाळीवर ढकलला. पण आतून मी खूश होते. असल्या मुलीला कोण हो म्हणणार? बघायचा कार्यक्रम मी उधळला होता, आता फक्त कथा लिहून पाठवायची. पुढच्या चार दिवसांत मी ती लिहिली. दुसरं काही सुचत नव्हतं, म्हणून जे झालं तेच लिहिलं, आणि पाठवून दिली.

पुढच्या रविवारी किसनराव वणीचा निरोप घेऊन आले. आम्ही सगळे बैठकीत जमलो. कापूस परत आला होता, त्यामुळे आम्ही त्याच्यावरच बसलो होतो. किसनरावांनी घसा साफ केला.

"पोरगी त्याईले पसंत होती," ते म्हणाले. मी कापसात आणखी खाली गेले. "तेज हाये म्हनतेत. माझ्या हाताची खाज पाहून कापूस हुडकला, मोठी गोष्ट हाये. पोरालेही आवडली."

"मंग?" आत्या कापसात जवळजवळ उभी राहिली.

"मंग काही नाही. पोराची माय नाही म्हनते. मीच तिले सारं सांगून बसलो. तिचं म्हननं, घरात पडदे लागले, बिस्किटं आली, पोरीच्या तोंडाले बेसन लागलं, साडी नेसवली, अन् तरी इले समजलं नाही का पाहुने कायले आले. आमच्या घरी दिवसभर लोक येतेत. हिच्या भरवशावर दार कसं उघडं टाकाचं?"

इतका वेळ कुणी हसलं नव्हतं. आई आधी हसली.

त्या महिन्यात साप्ताहिकाच्या संपादकांचा बाबांच्या फोनवर फोन आला. कथा पहिली आली नव्हती, पण छापणार होते, आणि मुलीला कामावर घ्यायची तयारी होती. रेंजसाठी फोन टाकीजवळच ठेवलेला असायचा, तो वाजला तसे बाबा गच्चीवर धावले. मी जिन्यात कान देऊन उभी होते. लागली म्हणायची की नाही लागली म्हणायची, हे आता बाबांच्या हातात होतं. ते बराच वेळ नुसतं "हो जी, हो जी" म्हणत राहिले. मग म्हणाले, "पाठवतो साहेब. पोरगी हुशार हाये. फक्त तिले बातम्या हुडकाच्या कामावर नका ठेवू."

संपादक वडीलधाऱ्यांचं ऐकणारे निघाले. मी सध्या राशिभविष्य लिहिते.