द्वारकाअक्कांची अखाजी

द्वारकाअक्कांनी मला माझ्या हयातीतच मृत घोषित केले. आमचा परिचय झाला तो असा.

जळगावच्या बाहेर, पाचोऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यालगत एक वृद्धाश्रम आहे. पत्नीच्या निधनानंतर मी तेथे राहावयास आलो. आयुष्यभर संस्कृत शिकविले होते. उरलेले दिवस नामस्मरणात जावेत, एवढीच अपेक्षा होती. दुसऱ्याच सकाळी मी मौन धरून जपाला बसलो असता दारावर पितळी लोट्याचे ठाण् ठाण् प्रहार झाले आणि पाठोपाठ एक भरडा आवाज आला, "ओ नवा! जित्ता शे का?"

जिवंत आहेस का! प्रातःकाळी, देवाचे नाव घ्यावयाच्या वेळी, मनुष्याने मनुष्याला विचारावयाचा हा प्रश्न? मी स्तंभित झालो. मौन मोडणे शक्य नव्हते; म्हणून माळ किंचित जोराने ओढली, इतकेच. तोच बाहेर आक्रोश उसळला. "व माय! नवा गया! काल उना नि आज गया! चादर आना रे कोनी!"

मी दार उघडले तेव्हा समोर व्यवस्थापक होते, दोन सेविका होत्या, चाकांची खाट होती आणि त्या खाटेवर माझ्यासाठी चादरही अंथरलेली होती. सर्वांच्या पुढे नऊवारी लुगड्यातली एक ठेंगणी वृद्धा लोटा उगारून उभी होती. तिने मला आपादमस्तक न्याहाळले आणि निराशेच्या सुरात निर्णय दिला, "शे जित्ता. मंग तोंड काय गहान ठेयेल शे का?"

त्या द्वारकाअक्का. पारोळ्याच्या बाजूच्या एका खेड्यातल्या. पती कधीच निवर्तलेले, मूलबाळ नाही, धुळ्याच्या पुतण्याने येथे आणून सोडलेल्या. बोली शुद्ध अहिराणी आणि संबोधन सरसकट 'तू'. मला इतक्या वर्षांत 'तू' म्हणणारे परमेश्वराखेरीज कोणी उरले नव्हते. त्यामुळे प्रत्येक 'तू'ला माझ्या अंगावर शहारा येई.

"अक्का," मी एकदा नम्रपणे सुचविले, "सकाळी 'राम राम' म्हणून दार वाजविले तर अधिक शोभणार नाही का?"

"राम राम तं मरेलना कानमा बी म्हनतस," त्या म्हणाल्या. "आठे मानूस मरना तं जेवनना घंटालोंग कोनले मालूम पडत नई, शास्त्री भाऊ. म्हनीसन मी इचारस."

जेवणाच्या घंटेपर्यंत तेथे कोणाचा पत्ता लागत नसे, हे खरेच होते. दुसऱ्या दिवसापासून मी जपाला बसण्यापूर्वीच दारातून ओरडू लागलो, "आहे, आहे!" असे ओरडताना मला स्वतःलाच धक्का बसे.

अक्कांच्या खोलीत यमुनाबाई नावाच्या दुसऱ्या वृद्धा होत्या. त्यांची स्मृती विरत गेली होती. बसल्या जागेवरून उठायच्या आणि 'घरी जाते' म्हणून चालू लागायच्या. एकदा पायरीवरून पडल्या, तेव्हापासून सेविका त्यांना सकाळी न्हाऊमाखू घालून खुर्चीवर बसवीत आणि पोटाभोवती ओढणी गुंडाळून खुर्चीच्या पाठीशी गाठ मारीत. सेविका दुष्ट नव्हत्या. एवढ्या माणसांमागे त्या दोघीच. धावून धावून त्यांचेही पाय सुजत. यमुनाबाई दिवसभर त्या गाठीशी बोटांनी चाळा करीत बसत. पाहुणे आले की म्हणत, "किती स्वच्छ ठेवलंय हो आजींना!"

एकट्या अक्कांना ते पाहवत नसे. येता-जाता त्या व्यवस्थापकांना गाठत.

"गाय खुट्याले बांधतस, ती दूध देस म्हनीसन. हाई काय देस? इले कसाले बांधतस?"

"अक्का, त्यांच्या भल्यासाठीच आहे. पडल्या तर जबाबदारी कोणाची?"

"पडनी तं पडनी! तू पडना नई का कधी?"

व्यवस्थापक चाळिशीचे सज्जन गृहस्थ, मागाहून मला म्हणत, "शास्त्रीजी, हिला काही सुभाषित ऐकवा, म्हणजे गप्प बसेल." मी प्रयत्न केला. सुभाषित पूर्ण ऐकून घेऊन अक्का म्हणाल्या, "चांगलं शे. आते यमुनाले सोडाना श्लोक सांग."

आणि मग चैत्रातल्या एका दुपारी ते घडले, ज्याच्या स्मरणाने अजूनही मला दरदरून घाम फुटतो. बाहेर खानदेशातले ऊन भाजून काढीत होते. जेवणे उरकून सारा आश्रम निद्रिस्त होता. व्यवस्थापकही कार्यालयात कूलरसमोर खुर्चीत मान टाकून घोरत होते. अकस्मात त्यांची किंकाळी ऐकू आली. मी धावलो, माझ्या वयात जितके धावता येते तितके.

दारात पोचलो आणि हातातली काठी गळून पडली. व्यवस्थापक खुर्चीला बांधलेले! पोटाभोवती एक चादर, दंडांभोवती दुसरी, आणि मागे अशी गाठ की बैलही हलू नये. समोर स्टुलावर द्वारकाअक्का पदराने वारा घेत बसलेल्या.

"अक्का, सोडा मला!"

"कसाले? पडी जाशी."

"अहो, मला उठायचंय!"

"बठ ना. देख कितला चोखा दिसस. तुन्हाच भलाकरता शे, बेटा."

"शास्त्रीजी, तुम्ही तरी सोडा हो!"

मी पुढे झालो, पण ती गाठ माझ्या कुवतीपलीकडची होती. शेवटी सेविकांनी सुटका केली. व्यवस्थापक ताडकन उठले. "बस्स!" ते ओरडले. "आता तुमच्या पुतण्याला बोलावतो आणि सांगतो, घेऊन जा हिला!"

"बलाव ना," अक्का शांतपणे म्हणाल्या. "कोनी उना तं माले बी सांगजो. देखसू तरी, कोन शे ते."

व्यवस्थापकांनी माझ्यादेखतच फोन लावला. पलीकडचे बोलणे मला ऐकू आले नाही, परंतु व्यवस्थापकांचा आवाज वाक्यागणिक खाली येत गेला. "बरं... हो, हो, गडबड असते, समजतं मला... नाही, विशेष काही नाही." फोन ठेवून ते कूलरकडे पाहत बसले. अक्का दोन्ही चादरी नीट घडी करून निघून गेल्या.

सायंकाळी मी फिरावयास निघालो, तर व्यवस्थापक स्वतः यमुनाबाईंच्या मागे गुडघे टेकून ओढणीची गाठ सोडवीत होते. मला पाहून ओशाळले. "नाक खाजत होतं हो, शास्त्रीजी," ते हळूच म्हणाले. "हात पोचत नव्हता. एवढ्याशा गोष्टीनं जीव कासावीस झाला." मग कठोर मुद्रा धारण करून अक्कांना बजावले, "दिवसा मोकळ्या ठेवू. पण सोबत तुम्ही बसायचं. त्या पडल्या तर दोघींनाही ठेवणार नाही!"

तेव्हापासून यमुनाबाई 'घरी जाते' म्हणून उठल्या की अक्काही उठत. "चाल, मी बी येस," म्हणून त्यांचा हात धरीत आणि दोघी फाटकापर्यंत जाऊन परत येत. वाटेत अक्का यमुनाबाईंना अखंड शिव्या देत. एवढ्या प्रेमाने दिलेल्या इतक्या अभद्र शिव्या मी त्यापूर्वी ऐकल्या नव्हत्या.

वैशाखात अक्षय्य तृतीया आली. खानदेशात तिला अखाजी म्हणतात आणि तिचा थाट दिवाळीहून उणा नसतो. सासुरवाशिणीला आणावयास भाऊ जातो. ती माहेरी येते, झाडाला झोका बांधून गाणी गाते. आश्रमात झोका हवा, असा अक्कांनी हट्ट धरला. व्यवस्थापकांनी एकदा स्वतःच्या खुर्चीकडे पाहिले आणि निमूटपणे दोर आणविला. अंगणातल्या कडुनिंबाला अगदी ठेंगणा झोका बांधला. खाली गाद्या अंथरल्या.

पितरांच्या नावाने पाण्याच्या घागरी भरून पुजण्याचे काम माझ्याकडे होते. पूजा मांडून पाहतो तो एक घागर अधिक.

"ही कोणाच्या नावाची?"

"मन्ही," अक्का म्हणाल्या.

मला घेरी येते की काय असे वाटले. "अक्का! जिवंत माणसाच्या नावाने घागर भरत नाहीत! केवढे अशुभ!"

"मंग मरनावर कोन भरी? तू? तू तं मन्हा आधी जाशी. तुन्ही बी भरी टाकू का?"

मी कानांवर हात ठेवले. सेविका तोंडात पदर कोंबून हसत होत्या.

दुपार कलल्यावर सगळ्या स्त्रिया निंबाखाली जमल्या. प्रथम यमुनाबाईंना बसविले. आम्ही सारे श्वास रोधून उभे होतो. व्यवस्थापक दोन्ही हात पसरून, जणू आकाशातून पडणारे काही झेलावयाचे आहे. परंतु दोरांना स्पर्श होताच यमुनाबाईंची ती अस्थिर बोटे घट्ट आवळली. पाय आपोआप जमिनीला टेकून सुटले. स्वतःचे नाव न आठवणारी ती स्त्री अखाजीच्या गौराईचे गाणे गाऊ लागली, कडव्यामागून कडवे, एक शब्द न चुकता. मी विस्मयाने जागीच खिळून राहिलो. व्यवस्थापकांनी चष्मा काढून पुसला.

एकेक करून साऱ्या बसल्या. झोका देत होत्या अक्काच. शेवटी कोणी म्हणाले, "अक्का, आता तुम्ही बसा."

"मी? व माय, मी नई."

"बसा हो! सगळा हट्ट तर तुमचा!"

"झोका माहेरवाशीनना र्‍हास," अक्का हसून म्हणाल्या. "जिले भाऊ लेवाले जास, तिना. माले कोन लेवाले उना?" आणि पुन्हा मोठ्याने हसल्या. "चला, मन्हं काम पडेल शे," असे म्हणत त्या भराभर आपल्या खोलीकडे गेल्या.

त्यांच्या प्रत्येक अमंगल बोलण्याने मी हादरलो होतो. परंतु त्या हसण्याने जो धक्का बसला, तसा कशानेच बसला नव्हता. मी उपरणे सावरले. अंगण ओलांडून त्यांच्या दाराशी गेलो. त्या खाटेच्या कडेवर भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या. त्यांच्या खोलीत काही काम पडलेले दिसत नव्हते.

"द्वारकाअक्का," मी म्हणालो, "अखाजीला न्यायला आलो आहे."

आता शिवी येणार, म्हणून मी मनाची तयारी केली. त्या वळल्या. मग उठल्या, माठातून पाणी घेतले, डब्यातला गुळाचा खडा काढला आणि दोन्ही माझ्यापुढे धरले. "उनमातून उना. पहिले पानी पे."

मी बाहेर पायरीवर बसून पाणी प्यालो. त्यांनी दार लोटून घेतले. बाहेर आल्या तेव्हा केस विंचरलेले होते, लुगडे निराळे होते आणि काखेत एक लहानसे गाठोडे होते.

निंब समोरच दिसत होता. मी निघालो आणि त्या माझ्यामागून हळूहळू येऊ लागल्या.

"हयूहयू चाल, भाऊ," त्या मागून म्हणाल्या. "माले लवकर पोचनं नई."