सुलक्षणाबाईसाहेबांनीं कॅमशाफ्टचे बोल्ट सोडविले त्याची हकीकत

श्रीकुलस्वामिनी सहाय. शके एकोणीसशें पंचेचाळीस, शोभननाम संवत्सर, मार्गशीर्ष मास, ते समयीं एके राज्यांत वर्तलें तें येणेंप्रमाणें. राज्य म्हणावें तर तीन खोल्या, पुढें ओसरी, आणि ओसरीस लागून पत्र्याची पागा. पागेंत घोडें नाहीं, एक जुनी निळी मोटार. मोटार सुलक्षणाबाईसाहेबांची. बाईसाहेब शिक्षिका होत्या, घाटापलीकडील शाळेवर आपले हातें गाडी हांकीत जात आणि येत, सबब गाडीवर जीव बहुत. पुढें बाईसाहेब निवृत्त जाहल्या आणि गाडीही थकली, धूर ओकूं लागली, तेल पिऊं लागली. तेव्हां यजमान राजश्री पद्माकरराव यांणीं बाईसाहेबांस न पुसतां भंगारवाल्यास शब्द दिला कीं, रविवारीं येऊन गाडी घेऊन जावी. हें वर्तमान बाईसाहेबांस कळलें आणि मग राज्यांत एकच कल्लोळ जाहला.

बाईसाहेब बोलिल्या, "शब्द तुम्ही दिलात, पण गाडी माझी आहे. मला एकदा विचारावंसं वाटलं नाही?"

पद्माकरराव बोलिले, "अगं, गॅरेजवालाच म्हणाला, इंजिन संपलंय. त्या धुराड्याला आता हात कोण लावणार?"

"मी लावणार," ऐसें बोलून बाईसाहेबांनीं पदर खोचिला आणि खासा स्वारी पागेंत दाखल जाहली. रावसाहेब रुसले, ओसरीवर वर्तमानपत्र आड धरून बैसले आणि उभयतांचें बोलणें बंद पडलें.

मग बाईसाहेबांनीं मोहीम आरंभिली. पुस्तकांत पाहावें, मोबाइलवर पाहावें आणि एकेक भाग उतरवावा, स्क्रू पापडाचे डब्यांत ठेवावे, ऐसें करीत करीत कॅमशाफ्टपर्यंत येऊन ठेपल्या. कॅमशाफ्ट म्हणजे इंजिनाचे माथ्यावरील दांडा, तो फिरतो आणि झडपा उघडतात, मिटतात. त्याचे तोंडीं दांत्यांचें चक्र, आणि तें चक्र तीन बोल्टांनीं जखडलेलें. चक्र निघाल्यावांचून पुढें वाट नाहीं. पहिला बोल्ट मुकाट्यानें शरण आला. उरले दोघे हटास पेटले. गंज सोडविणारें तेल पाजलें, हातोडीनें हळू हळू ठोकिलें, व्यर्थ. पाना लावून जोर करावा तों बोल्ट जागचा हलेना आणि अवघा दांडाच फिरूं लागे. शेजारचे लिंबाजीराव कुंपणावरून पाहात होते, ते बोलिले, "वहिनी, छिन्नी लावा आणि हाणा घण! बोल्ट काय, त्याचा बाप निघेल."

"नको भावजी. दांड्याला चरा गेला तर दुसरा मिळत नाही आता. मग गाडी खरंच भंगारात."

तेव्हां बाईसाहेबांस उमगलें कीं, एकानें मोठ्या पान्यानें दांडा धरावा आणि दुसऱ्यानें बोल्ट ओढावा, एकट्याचें हें काम नव्हे. दुसरे दोन हात ओसरीवर वर्तमानपत्रामागें होते. हाक ओठांशीं आली आणि तेथेंच अडली.

इतक्यांत भंगारवाल्याचा रविवारचा टेम्पो दारीं येऊन उभा राहिला आणि भोंगा वाजला. बाईसाहेब पागेचे दारापर्यंत आल्या. पुढें जावें कीं न जावें? मनांत म्हणाल्या, ज्यानें शब्द दिला तोच बोलो. आणि पाना मुठींत आवळून पागेंतच उभ्या राहिल्या.

"मालक, गाडी कुठाय?"

वर्तमानपत्राची घडी ओसरीवर पडली. मग रावसाहेब बोलिले, "गाडी द्यायची नाही. ती द्यायला माझी नव्हतीच. चुकलं माझं. या, चहा घ्या."

"चहा कसला साहेब, एवढं डिझेल जाळून आलोय!" ऐसें पुटपुटत भंगारवाला माघारा फिरला.

मग रावसाहेब पागेंत आले. अंगांत इस्त्रीचा पांढरा सदरा, त्याच्या बाह्या मागें सारल्या आणि पुसते जाहले, "कुठं धरू?"

बाईसाहेब वर न पाहतां बोलिल्या, "इथं. आणि काही झालं तरी सोडायचं नाही."

पान्यास नळाचा जुना पाइप चढविला, बोल्ट आधीं अंमळ आवळला आणि मग उलट हिसका दिला. कडाड करून आवाज जाहला. दोघांचीं तोंडें उतरलीं. "मोडला का गं?" मोडला नव्हता, हलला होता! दुसरे बोल्टाचे कोपरे झिजलेले, पाना सटकला, बाईसाहेबांचीं बोटें सोलवटलीं, आणि रावसाहेबांनीं दांडा सोडून त्यांचा हात धरिला.

"सोडू नका म्हटलं ना!"

"रक्त येतंय तुझ्या हाताला."

"येऊ दे. आधी दांडा धरा."

त्यावर रावसाहेबांस हंसूं फुटलें आणि बाईसाहेबांसही राहवेना. मग रुमाल बांधिला, थोडा तंग पाना हातोडीनें ठोकून बसविला आणि उभयतांनीं एकदम जोर केला, तों तोही बोल्ट कुरकुरत निघाला.

पुढें पायरीवर चहा जाहला. पांढऱ्या सदऱ्यावर काळे पंजे उमटलेले. रावसाहेब पुसते जाहले, "आता चालू होईल?"

"छे! आता तर कुठं उघडलंय."

"बरं," रावसाहेब बोलिले, "मग उद्या काय धरायचं?"

सारांश, बोल्ट सुटले, अबोला सुटला, माघांत इंजिनही बोलिलें. धूर किंचित राहिला, तो बाईसाहेबांनीं चालवून घेतला. राज्य सुखरूप असे. हकीकत पुरी जाहली.